कंबरेचं ऑपरेशन सांगितलंय? कायरोप्रॅक्टिककडे वळण्याआधी आणि वळल्यावर

एमआरआयची फाईल काखेत मारून गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी इस्पितळातून घरी पोचेपर्यंत माणसाला तीन-चार सल्ले फुकट मिळालेले असतात. कोणी म्हणतं, मणक्याला सुरी लावलीस तर जन्माचा अंथरुणाला खिळशील. कोणी शिवोली-हणजुणेकडच्या एखाद्या परदेशी माणसाचा नंबर देतं, ‘दोन कडाके काढतो, माणूस चालत घरी जातो’. तिसऱ्याच्या मोबाईलवर त्याच कडाक्यांचं रील असतं. पहिला सल्ला बहुतेक वेळा खोटा आणि रील अर्धवट. मधला, कायरोप्रॅक्टिकचा, म्हणजे मणक्यांना हाताने दाब किंवा झटका देऊन करायच्या उपचाराचा, काही कंबरांसाठी खरोखर उपयोगी आहे, पण तो मुदत घालून करायचा प्रयोग आहे. किती दिवस, कशासाठी आणि कुठे थांबायचं हे आधी ठरवलं नाही, तर पैसे जातातच, कधी कधी पायातली ताकदही जाते.

आधी बघा, तुमच्याकडे वेळ आहे का

पुढची लक्षणं असतील तर कायरोप्रॅक्टर, मालीश, फिजिओ, काढा सगळं बाजूला ठेवा. १०८ ला फोन करा किंवा थेट गोमेकॉच्या, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या, तातडीच्या विभागात जा.

स्कूटरच्या सीटला टेकतो तो भाग, म्हणजे जांघा, गुदद्वार आणि त्यांच्या मधली जागा, बधिर वाटणं. परसाकडला जाऊन आल्यावर धुताना पाण्याचा स्पर्श नीट कळत नसेल, तर ती हीच बधिरता. त्याच्या जोडीने लघवी तुंबणं, लागल्याचं न कळणं, शौचावरचा ताबा सुटणं, दोन्ही पायांत एकदम अशक्तपणा येणं. कण्याच्या खालच्या टोकाला घोड्याच्या शेपटासारखा नसांचा झुपका असतो, तो चेपला गेला की असं होतं. इथे हिशोब तासांचा असतो. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांपलीकडे गेलं तर लघवीचा ताबा कायमचा जाऊ शकतो. लोक लाजेने हे सांगत नाहीत आणि तिथेच घात होतो.

पाऊल लुळं पडणं ही दुसरी खूण. चालताना चप्पल पायातून निसटते, पायरी चढताना बोटं अडकतात, टाचांवर उभं राहायला सांगितलं तर एक पाऊल वर उचलत नाही. दिवसागणिक हे वाढत असेल तर सर्जनला त्याच दिवशी भेटा.

बाकीच्या खुणा हळू चालीच्या असतात, पण तितक्याच महत्त्वाच्या. संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं आणि पडून राहिलं तरी न थांबणारी पाठदुखी हे मणक्याच्या क्षयाचं चित्र असू शकतं. आपल्या देशात ते डोक्यात ठेवूनच पुढे जावं लागतं, कारण पोखरलेल्या मणक्याला झटका दिला तर तो बसतो आणि मज्जारज्जू दाबला जातो. पूर्वी कॅन्सर झालेला असणं, मोठा अपघात, वय झालेलं असताना पडणं, वर्षानुवर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या, हाडांचा ठिसूळपणा, रक्त पातळ करणारं औषध चालू असणं, यांतलं काही असेल तर कोणालाही पाठीला हात लावू देण्याआधी डॉक्टरांशी बोला. चाळिशीच्या आतला माणूस सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडलेला असेल आणि हालचालीने मोकळा होत असेल, तर सांध्यांच्या दाहाचा आजार तपासायला हवा. त्याचं औषध वेगळं आहे.

यांतलं काहीच नसेल तर तुमच्याकडे वेळ आहे. बहुतेकांकडे असतो.

रिपोर्टमधल्या शब्दांना किती घाबरायचं

कमरेत पाच मणके, दोन मणक्यांच्या मध्ये एक चकती. चकतीचा आतला गर मऊ, बाहेरची वेटोळी चिवट. ‘गादी सरकली’ म्हणतात, पण चकती दोन्ही बाजूंना हाडाला घट्ट चिकटलेली असते, ती सरकत नाही. वेटोळी फुगतात किंवा फाटतात आणि गर बाहेर येतो. हे बहुतेक वेळा एल४-एल५ किंवा एल५-एस१ (एल म्हणजे कमरेचा मणका, एस म्हणजे त्याखालचं माकडहाडाकडचं हाड) या शेवटच्या दोन जागी होतं, कारण वाकण्याचा आणि वजनाचा सगळा भार तिथेच येतो. ‘मणक्यात गॅप’ हा शब्द तर रिपोर्टमध्ये कुठेच नसतो. लिहिलेलं असतं ते चकतीची उंची कमी झाल्याचं, आणि बोलताना त्याचं गॅप होतं.

एक आकडा लक्षात ठेवा. पाठ अजिबात न दुखणाऱ्या ३,११० माणसांच्या स्कॅनचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या होत्या. फुगवटा विशीत ३० टक्क्यांना, ऐंशीत ८४ टक्क्यांना. म्हणजे ‘बल्ज’ किंवा ‘डीजनरेशन’ हा शब्द एकटा ऑपरेशनचं कारण होत नाही. रिपोर्टमधली नस आणि तुमच्या पायात कळ जाते ती वाट यांचा मेळ बसायला हवा. रिपोर्टमध्ये डावीकडे दाब आणि दुखतो उजवा पाय, असं असेल तर त्या चित्राला फारसा अर्थ नाही.

आणखी एक गोष्ट लोकांना उलटी वाटते. ‘एक्स्ट्रूजन’ किंवा ‘सिक्वेस्ट्रेशन’, म्हणजे गर पूर्ण बाहेर आलेला किंवा तुकडा सुटलेला, हे वाचायला भयंकर. पण शरीर असा बाहेर पडलेला गर परका समजून खाऊन टाकतं. म्हणून असे मोठे तुकडे साध्या फुगवट्यापेक्षा जास्त वेळा आपोआप विरघळतात. त्याला काही आठवडे ते काही महिने लागतात.

सर्जनकडे परत जाऊन तीन गोष्टी विचारा आणि उत्तरं लिहून घ्या. ऑपरेशन नेमकं कोणतं: चकतीचा तुकडा काढण्याचं, नसेची वाट रुंद करण्याचं, की स्क्रू घालून मणके जोडण्याचं? ते पायातल्या कळेसाठी आहे की कंबरदुखीसाठी? आणि सहा आठवडे थांबलं तर काय बिघडेल? दुसऱ्या प्रश्नावर जोर द्या. तुकडा काढण्याचं ऑपरेशन पायाची कळ थांबवायला चांगलं आहे, नुसत्या कंबरदुखीला त्याचा फारसा उपयोग नाही. नुसत्या कंबरदुखीसाठी मणके जोडायला सांगितलं असेल तर दुसऱ्या सर्जनचं मत घेतल्याशिवाय तारीख घेऊ नका.

ही विद्या काय करते

१८९५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डेव्हनपोर्ट गावी, डी. डी. पामर यांनी कायरोप्रॅक्टिक सुरू केलं. त्या काळी त्यांचं म्हणणं होतं की जवळपास सगळे रोग कण्यातल्या बिघाडाने होतात. आज कोणी मधुमेह, दमा किंवा वंध्यत्व मणके बसवून बरं करतो म्हणाला तर तिथूनच परत फिरा. कंबरदुखीपुरता मात्र आधार आहे. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत नव्या कंबरदुखीसाठी शेक, मालीश आणि ॲक्युपंक्चरच्या रांगेत मणक्यावरचे हस्तोपचारही ठेवले. ब्रिटनच्या २०१६ च्या सूचना म्हणतात, हस्तोपचार करा, पण व्यायामाच्या जोडीनेच. आमचंही मत तेच.

‘कडाक’ आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. मणक्यामागच्या छोट्या सांध्यातल्या द्रवात दाब एकदम कमी होऊन वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज. बोटं मोडताना येतो तोच. आवाज आला नाही म्हणून उपचार फसला असं नाही, आणि आवाजाने चकती आत जात नाही. आखडलेला सांधा थोडा सुटतो, स्नायूचा ताठरपणा काही काळ उतरतो, दुखणं कमी होतं, आणि त्या मोकळ्या वेळात तुम्ही चालू आणि व्यायाम करू शकता. या मोकळ्या वेळाचा उपयोग केला नाही तर दोन दिवसांत पाठ पुन्हा होती तिथे.

ऑपरेशनशी थेट तुलना करणारा कॅनडातला एक अभ्यास २०१० चा. किमान तीन महिने इतर उपचार करून गुण न आलेले सायटिकाचे, म्हणजे नस दबून कमरेतून पायात कळ जाणारे, ४० रुग्ण घेतले. निम्म्यांना मणक्याचे हस्तोपचार, निम्म्यांना चकतीचं ऑपरेशन. हस्तोपचाराच्या गटातल्या ६० टक्के लोकांना ऑपरेशनइतकाच फायदा झाला. उरलेल्यांचं नंतर ऑपरेशन झालं आणि त्यांनाही गुण आला, म्हणजे थांबल्याने त्यांचं नुकसान झालं नाही. चाळीसच माणसं, त्यामुळे फार मोठा निष्कर्ष नको. पण नेदरलँड्समधल्या २८३ रुग्णांच्या २००७ च्या अभ्यासातही तेच दिसलं: लवकर ऑपरेशन केलं तर कळ लवकर थांबते, वर्षाच्या शेवटी मात्र दोन्ही गट जवळपास सारखेच. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना वर्षभरात ऑपरेशन करावंच लागलं, हेही त्याच अभ्यासातलं.

कोणाकडे जायचं

गोव्यात याच टप्प्यावर सगळ्यात जास्त चुका होतात. डॉक्टरांसाठी जशी वैधानिक परिषद असते तशी भारतात कायरोप्रॅक्टरांसाठी नाही. त्यामुळे पाटी कोणीही लावू शकतो. शिकलेला कायरोप्रॅक्टर म्हणजे परदेशातल्या मान्यताप्राप्त महाविद्यालयात पूर्ण वेळ काही वर्षं शिकून ‘डॉक्टर ऑफ कायरोप्रॅक्टिक’ किंवा तशीच पदवी घेतलेला माणूस. शनिवार-रविवारच्या कोर्सचं प्रमाणपत्र, ऑनलाइन डिप्लोमा आणि ‘वडिलोपार्जित हात’ हे त्यात मोडत नाहीत. मोडलेलं हाड बांधण्यात एखाद्या हाडवैद्याचा हात चांगला असेल, पण सायटिकाच्या रुग्णाला त्याच्यापुढे झोपवू नका.

फोनवर विचारा: पदवी कुठली, कोणत्या देशात नोंदणी आहे, पहिल्या भेटीत किती वेळ देता, एमआरआय बघता का, गुण आला नाही तर कोणत्या सर्जनकडे पाठवता. शेवटच्या प्रश्नावर जो ‘तशी वेळच येत नाही’ म्हणेल त्याला नमस्कार करून फोन ठेवा.

किनारपट्टीवरचे काही जण पर्यटनाच्या हंगामापुरतेच इथे असतात. मार्चच्या शेवटी उपचार सुरू करणार असाल तर पुढचे सहा आठवडे हा माणूस गोव्यात आहे का, हे आधी विचारा. चौथ्या भेटीला दार बंद मिळालं तर प्रयोग अर्धवट राहतो.

डिचोली, काणकोण किंवा वाळपईसारख्या ठिकाणाहून शिकलेला कायरोप्रॅक्टर गाठायला रोज दोन तास बसमध्ये धक्के खावे लागणार असतील, तर तो हट्ट सोडा. हस्तोपचार शिकलेला फिजिओथेरपिस्ट, बीपीटी किंवा त्यापुढे एमपीटी केलेला, बहुतेक तीच तंत्रं वापरतो. जवळचा चांगला फिजिओ लांबच्या प्रसिद्ध कायरोप्रॅक्टरपेक्षा बरा.

पहिली भेट

एमआरआयची फिल्म किंवा सीडी न्या, नुसता रिपोर्ट नको. चालू गोळ्यांची यादी, रक्त पातळ करणारी गोळी असेल तर तिचं नाव मोठ्या अक्षरात. सैल ट्रॅकपँट घाला. साडी किंवा जीन्समध्ये पाय नीट तपासता येत नाही.

अर्धा-पाऊण तास तरी विचारपूस आणि तपासणीत जायला हवा. उताणं झोपवून सरळ पाय उचलतात, साधारण ३० ते ७० अंशांच्या दरम्यान गुडघ्याखाली कळ गेली तर नस चिडलेली आहे. टाचांवर आणि चवड्यांवर चालायला लावतात, पायाचा अंगठा दाबाविरुद्ध वर उचलायला सांगतात, गुडघ्यावर आणि टाचेमागे छोटी हातोडी मारून बघतात. अंगठ्यात जोर नाही तर एल५ ची नस, चवड्यावर उभं राहता येत नाही आणि टाचेमागचा झटका येत नाही तर एस१ ची. हे काहीही न करता पाच मिनिटांत टेबलावर घेतलं तर उठून या. पैसे दिले असतील तरी.

प्रत्येकाचा पूर्ण कण्याचा एक्स-रे काढून ‘बाक सरळ करून देतो’ म्हणणं, पहिल्याच दिवशी वीस-तीस भेटींचं पॅकेज गळ्यात मारणं, उपचार घेतला नाही तर लकवा होईल अशी भीती घालणं, हे तिन्ही विक्रीचे प्रकार आहेत. भेटीगणिक पैसे द्या.

आणि दुखणं कमरेचं असेल तर मानेला हात लावू देऊ नका. मानेच्या झटक्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटण्याचा धोका फार क्वचितचा असला, तरी कंबरेसाठी तो पत्करण्याचं काही कारण नाही. ‘कमरेपुरतंच, मान नाही’ असं तोंडाने स्पष्ट सांगा.

टेबलावर

कुशीवर वळवून, वरचा गुडघा वाकवून कमरेला दिलेला छोटा वेगवान झटका म्हणजे रीलमधला प्रकार. आखडलेल्या, पायात कळ नसलेल्या कंबरेला तो चालतो. चकतीमुळे सायटिका असेल तर बहुतेक वेळा मधोमध दुमडणारं टेबल बरं: तुम्ही पालथे, कमरेखालचा भाग हळूहळू खाली झुकतो, झटका नाही, चकतीवरचा ताण थोडा उतरतो. काही जण टेबलाचा भाग इंचभर खाली पडणारं तंत्र किंवा स्प्रिंगचं छोटं उपकरण वापरतात. वयस्कांना ते सोसतं. हाडं ठिसूळ असतील, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीचा टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली, तर झटका नकोच. मणका पुढे घसरलेला असेल तर त्या जागीही नको.

उपचारानंतर एक-दोन दिवस अंग ठणकतं, जिम सुरू केल्यासारखं. ते चालेल. पायात नवी बधिरता, कळ आणखी खाली उतरणं किंवा पावलात अशक्तपणा चालणार नाही. पुढची भेट रद्द करून डॉक्टरांकडे जा.

घरी परतताना स्वतः स्कूटर चालवू नका, पायलटच्या, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवाल्याच्या, मागे तर नकोच. गतिरोधकावरचा एक धक्का टेबलावरचं काम पुसून टाकतो. कदंबच्या बसमध्ये मागच्या चाकांच्या मागची सीट सगळ्यात वाईट. मधली घ्या आणि रस्ता खराब आला की उभे राहा.

घरचं काम, म्हणजे अर्ध्याहून जास्त काम

झोपून राहू नका. दिवसातून तीनदा दहा-दहा मिनिटं सपाट जागी चाला आणि दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. पावसाळ्यात शेवाळलेल्या चिऱ्यांच्या पायऱ्या टाळा, व्हरांड्यातच फेऱ्या मारा. वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त सलग बसू नका.

सकाळचा पहिला तास जपा. रात्रभरात चकती पाणी शोषून फुगलेली असते, तेव्हा वाकलं की आतला दाब जास्त. त्यामुळे उठल्याबरोबर आंगण झाडणं, विहिरीचं पाणी शेंदणं, आदोळीवर (विळीवर) बसून नारळ खोवणं नको. नारळ खोवायचाच असेल तर ओट्यावर, उभ्याने.

पालथं झोपून बघा. दोन-तीन मिनिटं स्वस्थ, मग कोपरांवर, मग हात सरळ करून छाती वर आणि कंबर सैल, दहा वेळा, दिवसातून चार-पाचदा. नजर पायावर ठेवा. कळ पोटरीतून मांडीत, मांडीतून ढुंगणात आक्रसत आली तर दिशा बरोबर आहे, मग कंबर थोडी जास्त दुखली तरी घाबरू नका. कळ उलट खाली उतरली तर व्यायाम लगेच बंद. नसेची वाट अरुंद झालेल्या वयस्कांना, ज्यांना चालताना पाय भरून येतात आणि बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर बरं वाटतं, त्यांना हा व्यायाम त्रासच देतो. त्यांनी उताणं पडून गुडघे छातीशी घ्यावेत. चतुर्थीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची फळाफुलांची चौकट, बांधताना मान-पाठ मागे टाकून उभं राहण्याचा मान त्यांनी घरातल्या तरुणांना द्यावा.

ठणका उतरला की स्नायूंकडे वळा. हात-गुडघ्यांवर राहून उजवा हात आणि डावा पाय सरळ करून दहा सेकंद, मग बाजू बदलून. कुशीवर कोपर टेकून कंबर उचलणं, तेही दहा सेकंद. रोज पाच-सहा वेळा.

भरलेला सिलिंडर साधारण ३० किलोचा, सहा आठवडे तो कोणी दुसऱ्याने हलवावा. बागायतीतली काजूची बोंडं गोळा करायची तर काठीच्या टोकाला खिळा ठोकून टोचून उचला. शिंक आली की गुडघे सैल करून भिंतीला हात लावा. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण आदल्या आठवड्यात बरी होत आलेली कंबर एका शिंकेत परत धरलेली पुष्कळ असते.

वही आणि मुदत

पहिल्या दिवसापासून वहीत चार गोष्टी लिहा: पायातली कळ दहापैकी किती, कळ कुठपर्यंत जाते, न थांबता किती मिनिटं चालता आलं, रात्री किती वेळा जाग आली. कंबर ‘बरी वाटते’ या शब्दाला काही वजन नाही. टेबलावरून उठल्यावर सगळ्यांनाच बरं वाटतं.

पहिले दोन-तीन आठवडे आठवड्यातून दोनदा, मग एकदा. सहा आठवड्यांत आठ-दहा भेटींपुढे जायचं कारण नसतं. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी वही उघडा. चारपैकी एकही आकडा हललेला नसेल तर तंत्र बदलायला सांगा किंवा थांबा. सहाव्या आठवड्याला कळ अजून गुडघ्याखाली, झोप मोडलेली आणि चालणं तेवढंच असेल, तर हाच उपचार पुढे रेटू नका, सर्जनकडे वही घेऊन जा. कळ मागे सरत असेल तर कायरोप्रॅक्टरच्या भेटी कमी करत नेऊन फक्त व्यायाम ठेवा. आयुष्यभर ‘मेंटेनन्स’साठी दर महिन्याला येण्याची गरज नाही.

ऑपरेशनची वेळ आली तर गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं (आरोग्य विम्याचं) कार्ड चालू आहे का ते तारीख घेण्याआधी बघा. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्याला चार लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. तुमचं ऑपरेशन आणि ते इस्पितळ यादीत आहे का, हे इस्पितळाच्या काउंटरवर विचारून घ्या. कायरोप्रॅक्टरच्या भेटी त्यात धरलेल्या नाहीत, त्या खिशातूनच. आणि ऑपरेशन झाल्यावर त्या जागी कोणाला झटका देऊ देऊ नका. स्क्रू घातलेल्या कंबरेला तर कधीच नाही, मग समोरचा कितीही शिकलेला असो.